नवीन घरातील वीज-गॅसच्या बिलाचा अंदाज आणि कंपनीची निवड (रेडिंग, यूके)

खिडकीपाशी | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्याच्या २७ तारखेला आम्ही स्लाऊमधील एका बेडरूमच्या फ्लॅटमधून रेडिंगमधील तीन बेडरूमच्या सेमी-डिटॅच्ड घरात भाड्याने राहायला आलो. घर १९३० च्या दशकातले आहे. आम्ही दोघे आणि दोन मुले असतो. डिसेंबरमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. स्लाऊला गॅस नव्हताच. हीटर, अंघोळीचे पाणी, शेगडी असे सर्व काही विजेवर असल्यामुळे गॅसचे बिल किती येते याचा आम्हाला काडीचाही अनुभव नाही.

आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ‘द ऑक्युपायर’ अशा नावाने एक पत्र आले. या घराला वीज आणि गॅस दोन्ही आम्हीच पुरवतो, तरी नाव नोंदवावे, असा मजकूर होता. फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटांत हिशेब करून दरमहा २५२ पौंडांचे डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) सुचवले. स्लाऊला आम्ही ९५ भरत होतो. यजमानांचे म्हणणे असे की सरकारने वर्षाला १,७५५ पौंडांची प्राइस कॅप घातलेली असताना महिन्याला २५२, म्हणजे वर्षाला ३,०२४ पौंड मागणे बेकायदेशीरच आहे. मला ते इतके सरळ वाटत नाही.

राहायला आलो त्या रात्री मोबाइलच्या उजेडात दोन्ही मीटरचे फोटो मात्र काढून ठेवले आहेत. विजेचा मीटर बाहेरच्या भिंतीवरील पांढऱ्या पेटीत मिळाला; गॅसचा जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि रिकाम्या खोक्यांच्या मागे दडलेला होता. दोन्ही साधे आहेत, स्मार्ट नाहीत. विजेचे रीडिंग २१,७६४ आणि गॅसचे ४,३१८ होते. काल, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, ते २१,८९८ आणि ४,३३६ झाले.

२५२ हा आकडा खरा मानावा का, आणि कोणती कंपनी घ्यावी? भाडेकरूला स्वतःहून कंपनी बदलता येते का, हेही कळले तर बरे होईल.

अर्धाकप | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

आम्हाला मिल्टन कीन्सला १४० येते, घर तीन बेडरूमचेच आहे. २५२ फारच झाले. ताबडतोब कंपनी बदला.

जुना_भाडेकरू | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

अर्धाकप, राग मानू नका, पण तुमच्या १४० चा त्यांना काही उपयोग नाही. तुमचे घर कोणत्या साली बांधले आहे, भिंती भरीव आहेत की पोकळ, दिवसा घरी कोण असते आणि रेडिएटर किती तास चालू असतात, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. लेस्टरमध्ये माझी पाच भाड्याची घरे झाली आणि प्रत्येक वेळी मी शेजाऱ्यांच्या बिलावरून अंदाज बांधून फसलो. आधी युनिट काढावेत, त्यांचे पौंड करावेत आणि कंपनीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

खिडकीपाशी ताई, आधी तुमच्या यजमानांच्या शंकेविषयी. ऑफजेम या इथल्या ऊर्जा नियामक संस्थेची कॅप एकूण बिलावर नसते. ती प्रत्येक युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो-नसो लागणाऱ्या ठरावीक आकारावर असते. बातम्यांतील १,७५५ पौंड म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या एका काल्पनिक मध्यम घराचे डायरेक्ट डेबिटने भरलेले बिल. तुम्ही त्याच्या दुप्पट वापरलेत तर बिलही जवळजवळ दुप्पट येईल आणि त्यात बेकायदेशीर काहीच नसेल. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे दर सरासरीने असे आहेत: वीज २६.३५ पेन्स प्रति युनिट आणि रोज ५३.६८ पेन्स स्टँडिंग चार्ज, गॅस ६.२९ पेन्स आणि रोज ३४.०३ पेन्स. पाच टक्के व्हॅट यातच धरलेला आहे. हे दर प्रदेशागणिक थोडे बदलतात, म्हणून तुमच्या पत्रावर छापलेले दर घ्यावेत.

आता तुमच्या रीडिंगकडे वळू. विजेचा मीटर थेट युनिट, म्हणजे किलोवॅट-तास दाखवतो. चौदा दिवसांत १३४ युनिट म्हणजे दिवसाला ९.६, वर्षाला साधारण ३,५००. दिवे आणि ड्रायर यांमुळे हिवाळ्यात वापर वाढतो, पण ऑक्टोबर हा मधला महिना असल्याने हा आकडा फार चुकणार नाही.

गॅसचा मीटर मात्र युनिट दाखवत नाही, तो आकारमान मोजतो. घनमीटरला १.०२२६४ ने गुणायचे, मग उष्मांकाने, जो बिलावर छापलेला असतो आणि ३९.५ च्या आसपास असतो, आणि शेवटी ३.६ ने भागायचे. एक घनमीटर म्हणजे सुमारे ११.२ युनिट, एवढे लक्षात ठेवले तरी भागते. तुमचे १८ घनमीटर म्हणजे अंदाजे २०० युनिट झाले. पण याला २६ ने गुणून वर्षाचा आकडा काढू नका. थंडी अजून पडलेलीच नाही. या दोन आठवड्यांत रेडिएटर लावले होते का? लावले नसतील, तर हा आकडा फक्त अंघोळ आणि स्वयंपाकाचा आहे, आणि वर्षभर जवळजवळ तेवढाच राहणारा हा भाग सुटा मिळणे फार मोलाचे असते.

रेडिएटरच्या वापरासाठी घराचे ईपीसी, म्हणजे ऊर्जा-कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र काढा. पोस्टकोड टाकला की सरकारी संकेतस्थळावर ते फुकट दिसते. अ ते ग अशा श्रेणीकडे सगळे पाहतात, पण खाली ‘स्पेस हीटिंग’पुढे वर्षाला लागणाऱ्या उष्णतेचे युनिट दिलेले असतात. तो आकडा इथे लिहा.

दगडी_पाटा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

गोरेगावहून येऊन मला दीड वर्ष झाले, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या उपनगरात आपल्याला टाटा पॉवर की अदानी (त्याआधी रिलायन्स) अशी निवड असते, त्यामुळे कंपनी बदलणे आपल्याला अगदीच नवे नाही. पण तिथे डोक्यात बसलेला हिशेब स्लॅबचा असतो: पहिले शंभर युनिट एका दराने, तीनशेपर्यंत दुसऱ्या, त्यापुढे आणखी चढ्या. त्यामुळे कमी वापरणाऱ्याला बिल खरोखर हलके येते. इथे तसे नाही. पहिल्या आणि तीनहजाराव्या युनिटला एकच दर, आणि शिवाय स्टँडिंग चार्ज. मागच्या मे महिन्यात तीन आठवडे मुंबईला गेलो, मेन स्विच सोडून सगळे बंद केले, आणि परत आलो तेव्हा सुमारे अठरा पौंडांचे बिल तयार होते. कुणी काही वापरले नव्हते. फक्त दिवस गेले होते.

दोन्हींचे स्टँडिंग चार्ज मिळून वर्षाला ३२० पौंड होतात. एवढे पैसे दिवा न लावता जातात, हे आधीच धरून चाला.

खिडकीपाशी | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

जुना_भाडेकरू, तुमच्या उत्तराबद्दल मनापासून आभार. यजमानांनी कॅपचा मुद्दा मान्य केला आहे, जरा नाराजीनेच.

पहिल्या आठवड्यात रेडिएटर बंद होते. मध्ये एकदा घेतलेल्या रीडिंगनुसार त्या सात दिवसांत ७ घनमीटर गॅस लागला. दुसऱ्या आठवड्यात मुलांना सर्दी झाली म्हणून संध्याकाळी तासभर लावत होतो, तेव्हा ११ लागला. ईपीसी ‘ड’ श्रेणीचे आहे आणि स्पेस हीटिंगपुढे १०,२०० युनिट लिहिले आहे.

मी असा हिशेब केला. आठवड्याला ७ घनमीटर म्हणजे ७८ युनिट, वर्षाला सुमारे ४,०००. त्यात १०,२०० मिळवले की १४,२०० होतात. बरोबर आहे का?

जुना_भाडेकरू | १३ ऑक्टोबर, रात्री १०.००

जवळजवळ बरोबर. एकच दुरुस्ती. ईपीसीतील १०,२०० ही घराला लागणारी उष्णता आहे, गॅस नव्हे. बॉयलर जळालेल्या गॅसची सगळी उष्णता रेडिएटरपर्यंत पोचवत नाही. कंडेन्सिंग बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर १०,२०० भागिले ०.८८ म्हणजे सुमारे ११,६०० युनिट गॅस लागेल. एकूण १५,६००.

पौंडांत: गॅस ९८१ अधिक स्टँडिंग चार्ज १२४, म्हणजे १,१०५. वीज ९२२ अधिक १९६, म्हणजे १,११८. दोन्ही मिळून २,२२३, महिन्याला १८५. तुमच्या कंपनीचा २५२ हा आकडा बहुधा आधीच्या कुटुंबाच्या वापरावरून आला आहे. उलट हिशेब केला तर गॅस २२,००० आणि वीज ५,००० युनिट धरल्यासारखे दिसते. माणसे जास्त असतील, इलेक्ट्रिक गाडी असेल, कोण जाणे. कंपनीकडे तुमच्याबद्दल काहीच माहिती नसते, ती फक्त मीटरला ओळखते.

ईपीसीचे गणित एक ठरावीक राहणी गृहीत धरते, हेही सांगून ठेवतो: दिवाणखाना २१ अंशांवर, उरलेले घर १८ वर, कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी सात तास हीटिंग. आपल्यापैकी पुष्कळ घरांत एवढे लावत नाहीत, पण सासूबाई दिवसभर घरात असणार, तेव्हा तिथे तुमचा आकडा वर जाईल.

सातवा_मजला | १४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

हिशेब पटला, पण यात एक वाक्य कुणीच लिहिलेले नाही: घरात राहायला येताच तुम्ही आधीच्या कंपनीच्या ‘डीम्ड कॉन्ट्रॅक्ट’वर असता. सही न करता लागू होणारा करार. तो सोडण्यासाठी दंड नाही आणि नोटीसही नाही, त्यामुळे आजच बाहेर पडा. कॅपपेक्षा स्वस्त एक वर्षाचे फिक्स्ड टॅरिफ (ठरलेल्या दराच्या योजना) सध्या सहज मिळतात. एकेक आठवडा थांबणे म्हणजे महाग दराने गॅस जाळणे आहे. बिल तुमच्या नावावर असेल तर कंपनी निवडण्याचा हक्क भाडेकरूचा आहे; घरमालकाची परवानगी लागत नाही. मीटर बदलायचा असेल तर तेवढे विचारून घ्यावे.

जुना_भाडेकरू | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

माझे मत वेगळे आहे. एक महिना थांबावे. आपला वापर कळल्याशिवाय वर्षभराच्या कराराला बांधून घेऊ नये.

सातवा_मजला | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

फिक्स्ड म्हणजे दर फिक्स, बिल नव्हे. वापराचा अंदाज चुकला तरी दर तोच राहतो, मग थांबून काय साधणार?

जुना_भाडेकरू | १४ ऑक्टोबर, रात्री ८.२०

निवड साधते. समजा, एका टॅरिफमध्ये गॅसचा युनिट एक पेनीने स्वस्त आहे पण स्टँडिंग चार्ज रोज १५ पेन्सने जास्त आहे. वर्षाला ५४ पौंड ७५ पेन्स जादा भरून दर युनिटमागे एक पेनी वाचवायची, म्हणजे ५,४७५ युनिटांनंतरच तो सौदा फायद्याचा होतो. एकट्या माणसाच्या फ्लॅटला तो तोट्याचा, ताईंच्या घराला फायद्याचा. तुलना करणारी संकेतस्थळे वापर विचारतात तेव्हा बहुतेक लोक ‘माहीत नाही, मध्यम घर’ यावर टिचकी मारतात आणि ११,५०० युनिटांच्या घराचा क्रम आपला म्हणून घेतात. तरी मान्य करतो, ताईंच्या हातात आता आकडा आहे, आणि त्यामुळे तुमचे म्हणणे त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागू पडते. थांबण्याचा तोटाही महिन्याला दहा-पंधरा पौंडांपलीकडे नाही, एवढेच.

करार घेताना तो मध्येच सोडण्याचा दंड किती आहे ते पाहावे. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत दंड घेता येत नाही. तुमचे भाडेपत्र वर्षाचेच असेल तर हे महत्त्वाचे आहे.

अर्धाकप | १४ ऑक्टोबर, रात्री ९.००

मग कंपनी कोणती ते सांगा ना. ऑक्टोपस, ब्रिटिश गॅस, ई.ऑन नेक्स्ट, ईडीएफ, ओव्हो, स्कॉटिशपॉवर? आणि छोटी कंपनी घेतली आणि बुडाली तर?

सातवा_मजला | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

वीज त्याच तारेतून आणि गॅस त्याच नळीतून येतो. तारा-नळ्या वेगळ्या कंपन्यांच्या आहेत. वीज गेली तर कोणतीही कंपनी असली तरी फोन १०५ लाच करायचा. आपण निवडतो ते फक्त दर, बिल काढण्याची शिस्त आणि फोन उचलणारा माणूस.

बुडण्याविषयी: २०२१ च्या उन्हाळ्यानंतर गॅसचे घाऊक दर भडकले तेव्हा वर्षभराच्या आत दोन डझनांहून अधिक कंपन्या बुडाल्या. माझी त्यांतलीच एक होती. दिवे क्षणभरही गेले नाहीत, ऑफजेमने दुसरी कंपनी नेमली आणि माझी शिल्लक तिकडे जमा झाली. मात्र माझा स्वस्त फिक्स्ड दर तिथेच संपला. अशी वेळ आलीच तर त्या दिवशीचे रीडिंग घ्यावे आणि नवी कंपनी संपर्क करेपर्यंत स्वस्थ बसावे.

जुना_भाडेकरू | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

ताई, एक काम राहिले. गॅसच्या मीटरच्या तोंडावर ‘एम’वर तीनचा घात आहे की ‘एफटी’वर, ते पाहून घ्या. जुने मीटर शंभर-शंभर घनफुटांत मोजतात, त्यांचे रीडिंग आधी २.८३ ने गुणून घनमीटर करतात. माझ्या तिसऱ्या घरात मीटर घनमीटरचा होता आणि कंपनीच्या नोंदीत घनफुटाचा, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात गॅसचे बिल जवळजवळ तिप्पट आले. आम्ही दोन महिने रेडिएटर बंद ठेवून स्वेटर घालून बसलो आणि बायको बॉयलरला दोष देत राहिली. अखेर बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरातील गुणाकारात ‘२.८३’ दिसले. मीटरचा फोटो पाठवला, तरी दुरुस्तीला सात आठवडे लागले. आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर ऊर्जा लोकपालाकडे जाता येते, ते फुकट असते. मी अर्ज भरूनच ठेवला होता.

खिडकीपाशी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आमच्या मीटरवर ‘एम’च आहे. वाचताना काळे पाच आकडेच घ्यायचे, लाल चौकटीतले सोडायचे, हेही या निमित्ताने कळले.

आज एक वेगळाच घोळ सापडला. कंपनीच्या खात्यात सुरुवातीचे रीडिंग माझे नाहीच. भाड्याच्या एजंटाने १२ सप्टेंबरला घराची पाहणी केली तेव्हाचे २१,७०२ आणि ४,३०१ हे आकडे त्याने परस्पर कळवले, आणि खातेही त्याच तारखेपासून उघडले गेले. तेव्हा घर रिकामे होते आणि रंगकाम चालू होते. रंगाऱ्यांनी वापरलेली ६२ युनिट वीज, १७ घनमीटर गॅस आणि पंधरा दिवसांचा स्टँडिंग चार्ज मिळून सुमारे एक्केचाळीस पौंड आमच्या माथी. फोटो, त्यावरील तारीख आणि भाडेपत्राचे पहिले पान पाठवले आहे.

सातवा_मजला | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

भाडेपत्र सुरू झाल्याच्या तारखेपासूनच तुमची जबाबदारी सुरू होते. सोडू नका. हा वाद मिटेपर्यंत कंपनी बदलायची थांबलात तरी आता मी काही म्हणणार नाही. सुरुवातीचा आकडा चुकीचा असताना निघालात तर शेवटच्या बिलात तो तसाच गोठतो.

खिडकीपाशी | ३० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ५.३०

उशिरा लिहीत आहे, पण सर्वांनी एवढा वेळ दिला म्हणून पुढचे कळवणे माझे कर्तव्य आहे.

एजंटाचे रीडिंग रद्द होऊन आमचे लागू झाले. त्याला तीन फोन आणि अडीच आठवडे लागले. ते लेखी आल्यानंतर, ३ नोव्हेंबरला, ३,५०० आणि १५,६०० हे आकडे घालून तुलना केली आणि एका वर्षाचा फिक्स्ड घेतला. पाच कामाच्या दिवसांत बदल झाला. मन बदलल्यास चौदा दिवसांत माघार घेता येत होती, ती घेतली नाही. नव्या कंपनीचे डायरेक्ट डेबिट १७५ पौंड ठरले. गंमत अशी की अर्धाकप यांच्या मिल्टन कीन्सच्या आकड्यापेक्षा ते जास्तच आहे, आणि तरीही आता ते मला महाग वाटत नाही.

कालचे रीडिंग वीज २२,३८१ आणि गॅस ४,४८९. नऊ आठवड्यांत गॅस १७१ घनमीटर लागला, म्हणजे सुमारे १,९२० युनिट. ईपीसीवरून केलेल्या अंदाजापेक्षा बराच कमी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली तेव्हा सर्वांत जास्त, ३५ घनमीटर गेला. आम्ही सकाळी हीटिंग लावतच नाही आणि थर्मोस्टॅट १९ वर ठेवतो, हे त्याचे कारण असावे. पण जानेवारी अजून जायचा आहे, म्हणून डायरेक्ट डेबिट कमी करून मागितलेले नाही.

सासूबाई येत्या शनिवारी हीथ्रोला उतरत आहेत. त्यांना १९ अंश चालणार नाहीत, हे त्यांनी फोनवरच सांगितले आहे. त्यांना आणायला निघण्याआधी, सकाळी, मी दोन्ही मीटरचे रीडिंग घेऊन ठेवणार आहे. ही गोष्ट मात्र घरात कुणालाही सांगणार नाही.